पानांची हजेरी

ताम्हिणीच्या अलीकडे, मुळशीच्या पाण्याच्या कडेला जो रानाचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी आता वनखात्याची मोठी पाटी उभी आहे. तंबूची जागा इकडे, चालायची वाट तिकडे, कचरा करू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, असं सगळं तिच्यावर पद्धतशीर लिहिलंय. शनिवारी हिंजवडीतून, मारुंजीतून पोरंपोरी गाड्या काढून येतात, पाटीसमोर फोटो काढतात आणि मग पाटीवर जे करू नये म्हटलंय त्यातलं निम्मं तरी करतात. मी बाजूला उभी राहून बघत असते आणि वेळ आली की बोलतेही, कारण गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आमच्या लहानपणी त्या डोंगराला पाटी नव्हती, आणि वाडीपुरतं म्हणाल तर नावही नव्हतं. आम्ही त्याला नुसतं 'वर' म्हणायचो. "आबा कुटं हायेत?" असं कुणी दारात येऊन विचारलं की आई चुलीपुढून न उठता सांगायची, "वर." विचारणाराही तेवढ्यावर समजून परत फिरायचा.

आमची वाडी बारा-तेरा घरांची. घरापुढे हिरड्याचं एक जुनं झाड, त्याच्या बुंध्याला म्हैस बांधलेली, आणि मागच्या दारातून निघालं की शंभर पावलांवर रान सुरू. सकाळ व्हायची ती वानरांच्या हुप्प आवाजाने. मग आईच्या भाकरीची थापथूप, मग पौडहून येणाऱ्या यष्टीचा वळणावरचा हॉर्न. तो हॉर्न ऐकून आई ताटं मांडायची, कारण यष्टी फाट्यावर पोचेपर्यंत जेवण आटोपायला हवं असा तिचा हिशेब. जेवण म्हणजे तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि कारळ्याची चटणी. आंबेमोहोर आमच्या खाचरात पिकायचा, पण तो रोज शिजायचा नाही. पाहुणा आला की शिजायचा, आणि त्याचा वास सगळ्या वाडीत फिरून आमच्याकडे पाहुणा आल्याची बातमी देऊन यायचा. मी त्या वासाच्या जोरावर शेजारच्या पोरींपुढे मिरवायचे. मिरवण्याची हौस मला उपजतच, ती या वयातही कमी झालेली नाही.

हे पाहुणे बहुतेक डोंगरासाठी आलेले असायचे. आबा जंगल खात्याच्या कामावर रोजंदारीने जात. रोपं लावणं, वणवा लागला की विझवणं, हद्दीच्या बुरजांना चुना मारणं, अशी कामं. बुरूज म्हणजे किल्ल्याचा नव्हे. राखीव रानाची हद्द जिथून जाते तिथे खात्याने ठरावीक अंतरावर दगडांचे कमरेएवढे ढीग रचलेले असतात, त्यांना चुना फासून वर नंबर टाकतात, त्याला आमच्याकडे बुरूज म्हणतात. या कामात आबांना रानाची अशी माहिती झाली की साहेब लोक यायचे तेही आबांना पुढे घालून फिरायचे. त्यातूनच पुढे पुण्याची माणसं यायला लागली. दोन दिवस रानात राहायचं, तंबू ठोकायचे, झाडं-पाखरं बघायची आणि परत जायचं. आधी पोस्टकार्ड यायचं. आबांना वाचता येत नव्हतं. कार्ड मी वाचायचे, तेही अंगणात उभी राहून, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात.

आबांची माणसं नेण्याची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. डोंगराच्या खिंडीत दगडांचा एक छोटा देव आहे. त्याला मूर्ती नाही. खिंड ओलांडणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे एक पान ठेवतो, ही रीत जुनी, वाडीतली सगळीच पाळायची. वर माळावर पाण्याचं खोदीव टाकं आहे, तिथेही तसंच. आबांनी त्यात आपली भर घातली होती. निघताना ते पाहुण्यांना हिरड्याखाली ओळीत उभं करत आणि प्रत्येकाला एक झाड देत. "तुमी आंबा. तुमी जांभूळ. तुमी उंच हाय, तुमी सावर." एखादा अंगाने भरलेला असला की, "तुमी फणस, राग मानू नका." मग त्या त्या झाडाची दोन पानं प्रत्येकाच्या हातात, एक खिंडीतल्या देवाला, एक टाक्याला. पानं वाडीतल्याच झाडांची. राखीव रानात शिरल्यावर पानाला हात लावू द्यायचे नाहीत. आबा सगळ्यांच्या मागून चालत. खिंडीत आले की देवाला हात जोडायचे आणि जोडता जोडता पानं बघायचे. आंबा हाय, जांभूळ हाय, सावर हाय, फणस हाय. म्हणजे माणसं पुढे गेली. "साहेबाचं मस्टर असतंय, तसं माजं हे," असं म्हणायचे. पाहुण्यांना वाटायचं म्हातारा भाविक आहे. भाविक होतेच, पण ती भक्ती हजेरीच्याही कामाची होती.

वाट दाखवायला पुढे कोण, असं मी एकदा विचारलं होतं. आबा म्हणाले, "वाट मळलेली हाय. ती दावाया कशाला कोन पायजे?" आणि खरोखरच ते कुणालाही पुढे सोडायचे आणि मागून हाळी देऊन वळवायचे. मला ते पटायचं नाही. इतकं सगळं माहीत असलेल्या माणसाने सगळ्यात शेवटी, लोकांच्या पाठी बघत का चालावं? मी जर असते तर पहिली चालले असते, सगळ्यांना मान वर करून माझ्याकडे बघायला लावलं असतं. हे मी आबांना सांगितलं नाही, पण मनात पक्कं होतं.

माझं वय तेव्हा सोळा-सतरा. शाळा सुटली होती. मारुंजीला माझी आत्या होती. आज तिथे खोल्याच खोल्या झाल्यात, आत्याच्या नातवाने तीन मजले भाड्याने दिलेत. तेव्हा तिथे ऊस आणि भाजीपाला होता, आणि आत्याकडे शिवणाचं मशीन होतं. संक्रांत झाली की मला तिच्याकडे धाडायचं, शिवण शिकवायचं आणि मग तिकडचंच एखादं स्थळ बघायचं, असं आत्याने ठरवून टाकलं होतं. आईची ना नव्हती. मला मात्र सुई बघितली तरी घाम फुटायचा. मला वर जायचं होतं, आबांसारखं. हे बोलून दाखवलं की सगळे हसायचे, आबासुद्धा, आणि त्यांचं हसणं मला सगळ्यात जास्त लागायचं.

मार्गशीर्षात भाताची झोडणी चालू असताना आबा भाताच्या पेंढ्यांच्या उडवीवरून उतरले ते वाकडे पडले आणि त्यांचा पाय घोट्यात मुरगळला. आंबेहळदीचा लेप लावून खाटेवर पडले. चौथ्या दिवशी पुण्याची माणसं यायची होती. कार्ड मीच वाचलं होतं. शाळेतले एक सर, त्यांच्या पत्नी, सासूबाई आणि सरांचे पाच जुने विद्यार्थी, एकूण आठ जण. नाही म्हणून कळवायला वेळ नव्हता. माझा भाऊ पिरंगुटला कंपनीत लागलेला, त्याला डोंगरापेक्षा यष्टीच्या वेळा चांगल्या पाठ होत्या. मी आबांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले.

"मी नेते."

आबा हसले नाहीत. आई मात्र चुलीपाशी कडाडली, "व्हय, पोरीनं परक्या बाप्यांसंगं रानात मुक्काम करायचा! आनि मी हितं तोंड कुटं लपवू?"

"मग तूबी जा," आबा म्हणाले. "भाकऱ्या तुलाच करायच्या हायेत."

आई कधी घरातून एक रात्र बाहेर राहिलेली नव्हती, माहेरीसुद्धा नाही. पण सकाळी बघते तर तिने पिठाचं गाठोडं, तवा, पिठल्याचा टोप असं सगळं बांधून ठेवलेलं, आणि ठेवणीतलं लुगडं नेसलेली. तिला माळावर उभ्या चढाच्या गुरांच्या वाटेने परस्पर जायचं होतं, चहाचं आधण तयार ठेवायला. मी आठ जणांना खिंडीतून, सावलीच्या वाटेने न्यायचं. निघताना आबांनी मला जवळ बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "सावकाश. आनि मागं ऱ्हा."

मी मान डोलावली आणि लगेच विसरले. विसरले म्हणजे काय, विसरायचं ठरवूनच विसरले.

हिरड्याखाली मी त्यांना ओळीत उभं केलं. सरांना आंबा दिला, त्यांच्या बाईंना जांभूळ. पाच जणांना ऐन, उंबर, सावर, आपटा, फणस. फणस मिळालेला मुलगा जरा खट्टू झाला. सासूबाई राहिल्या. पांढरे केस, नऊवारी, पायात कापडी बूट आणि हातात छत्रीची काठी केलेली. साठीच्या असतील. मला त्या तेव्हा अगदी जख्ख म्हाताऱ्या वाटल्या. आज मी स्वतः त्या वयाची आहे आणि मला कुणी आजी म्हटलं की राग येतो, पण मी त्यांना आजीच म्हटलं. त्यांना हिरडा दिला. आबा दोन पानं देत. मी आबांपेक्षा मोठी होणार होते, म्हणून मी प्रत्येकाला मूठ मूठ पानं दिली. रानातलं पान तोडायचं नाही हे आबांचं सांगितलंच, वर एक नियमही घरचाच जोडला. "पान ठेवल्याबगर देवाच्या म्होरं पाऊल टाकायचं न्हाई. लई कडक हाय देव." असं काही आबांनी कधी सांगितलं नव्हतं. पण आठ शहाणी माणसं माझं ऐकून गंभीर झाली, आणि मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

आणि मी पुढे निघाले. शेकरूचं घरटं दाखवलं, रानडुकराने उकरलेली माती दाखवली, धनेश पक्षी पंखांचा फडफडाट करत डोक्यावरून गेला तेव्हा जणू मीच त्याला बोलावल्यासारखं वर बोट केलं. पाच विद्यार्थी माझ्या पाठोपाठ पळत होते आणि मी त्यांना दमवत होते. "सुमन, तू दमत नाहीस का गं?" असं सावरवाल्याने विचारलं तेव्हा मी वेग आणखी वाढवला. खिंडीत पोचले, देवापुढे माझं पान टाकलं आणि न थांबता तशीच पुढे निघाले. मागे वळून पाहिलंच नाही. मागे बघण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

माळावर आई पोचलेली होती. टाक्याशेजारी तीन दगडांवर चहा उकळत होता. एकेक जण येऊन टाक्याच्या काठावर पान ठेवत होता आणि गवतात आडवा होत होता. आईने विचारलं, "समदी आली का?" मी म्हटलं, "आली." तिने आठ कप भरले. वाटून झाले तेव्हा ताटात एक कप उरला.

आईने त्या कपाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी टाक्याच्या काठाकडे धावले. आंबा, जांभूळ, ऐन, उंबर, सावर, आपटा, फणस. पुन्हा बघितलं. दगडांच्या फटीत बघितलं, पान वाऱ्याने पाण्यात पडलंय का तेही बघितलं. हिरडा नव्हता.

बाईंना वाटत होतं की आपली आई सरांबरोबर मागून येतेय. सरांना वाटत होतं की त्या बोलत बोलत पुढे गेल्या. दोघं एकमेकांकडे बघायला लागले आणि मग दोघं माझ्याकडे. बाईंचा चेहरा उतरला. "तुम्ही सांभाळून नेता म्हणून आलो आम्ही इथे," त्या म्हणाल्या. "एका पोरीच्या भरवशावर माझी आई…" ऊन कलायला लागलं होतं. आणि खिंडीच्या डाव्या अंगाला काय आहे ते त्या पाहुण्यांत कुणालाच माहीत नव्हतं, ते मला आणि आईला माहीत होतं. तिकडे कडा आहे. गवत संपतं तिथे खाली थेट कोकण.

आई माझ्याजवळ आली. मला वाटलं आता सगळ्यांदेखत मुस्काटात बसणार. ती हळू म्हणाली, "रडू नगं. जा. खिंडीतली पानं बग आदी."

मी पळाले. सर माझ्यामागे निघाले, पण ते मागे पडले. अर्ध्या तासाची वाट मी किती वेळात कापली ते देवाला ठाऊक. "आजी, ओ आजी" अशी हाक मारत होते आणि माझाच आवाज समोरच्या उतारावरून परत येत होता. खिंडीत पोचले आणि गुडघ्यावर बसले. सगळ्या पानांच्या वर, नीट सपाट करून, खडा ठेवून दाबलेलं हिरड्याचं पान होतं. एवढ्या निगुतीने बाकी कुणीच ठेवलं नव्हतं. म्हणजे आजी खिंडीपर्यंत आल्या होत्या, सगळ्यांच्या शेवटी. आणि खिंडीतून माळापर्यंतच्या वाटेवर मला त्या भेटल्या नव्हत्या. मी उठले आणि डावीकडे बघितलं. मन तिकडे बघायला तयार नव्हतं, तरी बघितलं. गवतात चुन्याचा पांढरा ढीग दिसला. हद्दीचा बुरूज. त्यावर आबांनीच मारलेला चुना. आणि चुन्यावर एक हिरवं पान, त्यावर खडा.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं. आजींनी माझा शब्द पाळला होता. दगडांचा ढीग दिसला, देव समजून पान ठेवलं. तिथून पुढचा ढीग दिसला, तिथे गेल्या. बुरूज तसेच रचलेले असतात, एकापासून दुसरा दिसेल असे. त्यांना ती वाटच वाटली असणार. दुसऱ्या बुरजावर पान होतं. तिसऱ्यावर होतं. मला हसू येत होतं, तरी मी पाय उचलला, कारण हद्द जाते ती कड्याच्या दिशेने आणि शेवटचा बुरूज अगदी धारेवर आहे. चौथ्यावर पान होतं. पाचव्यावर होतं. मी आता हाकही मारत नव्हते, नुसती धावत होते.

सहाव्या बुरजापाशी आजी बसल्या होत्या. पाठ टेकून, बूट काढून, पदराने वारा घेत.

"आलीस का गं?" मला बघून म्हणाल्या. "माझी पानं संपली बघ. आणि तूच म्हणालीस, पान ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही. रानातलं तोडायचं नाही असंही म्हणालीस. म्हटलं, कुणीतरी येईल."

"आजी, ह्यो देव न्हाई," मी कशीबशी म्हणाले. "जंगल खात्याचा बुरूज हाय. नंबर बगा त्याच्यावर."

आजींनी वळून नंबर बघितला. "मला वाटलं, तुमच्याकडे देवांना नंबर दिलेत," त्या म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि भोकाड पसरलं. त्यांनी मला थोपटलं. पुढची करवंदीची जाळी ओलांडली की काय आहे ते मी त्यांना तेव्हा दाखवलं नाही. सर धापा टाकत आले, तेव्हा त्यांना मात्र दाखवलं, आणि त्यांनी आजींचा हात धरला तो माळापर्यंत सोडला नाही.

माळावर परत आलो तेव्हा बाईंनी आधी आपल्या आईला मिठी मारली, मग तिलाच ओरडल्या, मग माझ्याकडे वळल्या. आजी मध्ये पडल्या. "तिने सांगितलं तसंच मी केलं. तुम्ही पोरं पुढे पळालात, त्याचं काय?" माझ्या आईने उरलेला कप पुन्हा गरम करून आजींच्या हातात दिला. त्या संध्याकाळी नाचणीच्या भाकरी आणि पिठल्यावर सगळे तुटून पडले. भीती सरली की माणसाला फार भूक लागते. आजी माझ्या आईशेजारी चुलीपाशी बसून जेवल्या आणि कारळ्याची चटणी कशी करायची ते विचारत राहिल्या. सर सगळ्यांना सांगत होते, नुसत्या पानांवरून या मुलीने माणूस शोधून काढलं. जितक्या वेळा सांगत तितक्या वेळा ती गोष्ट मोठी होत होती. फणसवाल्याने मला सलाम ठोकला. झोपायच्या वेळेपर्यंत मी पुन्हा पूर्वीइतकीच फुगले होते.

सकाळी टाक्यावर भांडी घासताना आई म्हणाली, "आबांना सांगू नगस, तू म्होरं व्हतीस ते. माणूस सापडलं, झालं. त्यांना कळलं तर परत डोंगर दावायचे न्हाईत तुला. मग बस मारुंजीला मशीन हानीत." आई मला मारुंजीला धाडायच्या बाजूची होती, निदान मला तसं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ती माझ्या बाजूची होती. उतरताना मी सगळ्यांच्या मागे राहिले. आठ पाठी सतत डोळ्यांपुढे ठेवल्या. कुणी वाकलं की मी थांबे, कुणी थांबलं की मी मोजे. इतकं दमायला मला चढताना झालं नव्हतं.

खाली सरांनी आबांचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्या मुलीने कमाल केली," असं म्हणून पानांची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. कोण पुढे होतं, कोण मागे, हे त्या गोष्टीत नव्हतंच. आबांचा चेहरा असा फुलला की तसा मी कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. ते एवढंसं मान हलवणं मी सोळा वर्षं मागत होते. पाहुणे यष्टीत बसून गेले. हॉर्न वळणापलीकडे ऐकू येईनासा झाला. आबा खाटेवर बसले होते, आई दारात तांदूळ निवडत होती.

"मागं कोन व्हतं?" आबांनी विचारलं. सहज, पाय चोळत विचारलं.

आईचे हात थांबले. माझ्या तोंडाशी खोटं तयार होतं, आणि ते चांगलं जमलंही असतं. पण त्या मान हलवण्याने मला काहीतरी झालं होतं. ते मला असं फसवून नको होतं.

"कोनी न्हाई," मी म्हटलं. "मी म्होरं व्हते. खिंडीत थांबले न्हाई. कप उरला तवा कळलं." आणि मग सगळंच सांगितलं, देव कडक असल्याची थाप आणि मूठभर पानंसुद्धा.

आबा ऐकत राहिले. बुरजांचा भाग आला तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली.

"पानं दोनच द्यायची असत्यात," ते म्हणाले. "दोनच दिली असतीस, तर एक खिंडीत आनि एक पैल्या बुरजावर ठिवून म्हातारी दुसऱ्यालाच बसली असती. येवडं तुडवावं लागलं नसतं." आणि खाटेवर कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडले. मी हिरड्याखाली जाऊन बसले. रडले नाही. मला वाईट वाटत होतं, भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर जन्मात पहिल्यांदाच मला स्वतःचा असा अभिमान वाटत होता, जो कुणाला दाखवावासा वाटत नव्हता.

पुढचे पंधरा-वीस दिवस आबा त्या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. पाय बराचसा सुधारला, काठी सुटली. संक्रांतीच्या आधी आत्या मारुंजीहून आली. येताना माझ्यासाठी कात्री आणि मापाची पट्टी घेऊनच आली होती. तीळ कुटता कुटता तिने विचारलं, "मग दादा, पोरीला कवा धाडतुयास?" मी उखळाशी होते, माझा हात तसाच राहिला. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ह्या वर्साला." आत्या चिडली, बरंच काही बोलली. आबांनी कारण सांगितलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी पुण्याहून दहा जण आले. आबा जाणार म्हणून मी नुसती पाणी द्यायला अंगणात उभी होते. आबांनी ओळ लावली, झाडं वाटली, प्रत्येकाच्या हातात मोजून दोन पानं दिली. मग नेहमीप्रमाणे बाजूला होऊन माणसांना पुढे सोडायचं, ते त्यांनी केलं नाही. चालत जाऊन ते सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. मला काही उमगेना. वाडीतल्या दोन म्हाताऱ्या बघत होत्या, त्यांनाही उमगेना. आबांना रांगेच्या पुढे कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं.

"सुमे," आबा तिथूनच म्हणाले, "तांब्या ठिव तो. मागं हो."

मी तांब्या आईच्या हातात दिला आणि दहा जणांच्या मागे जाऊन उभी राहिले. आबा निघाले. मुरगळलेला पाय अजून जरासा ओढत होता. मागचं दार गेलं, खाचरं गेली, रान सुरू झालं. ओढ्यात एक बाई घसरली, तिला मी उठवलं. एकाच्या बुटाचा बंद सुटला, तो बांधेपर्यंत मी त्याच्यापाशी थांबले. वाट वळली की मला आबांचं मुंडासं दिसायचं, सगळ्यांच्या पुढे, चढावर. मी त्यांच्याकडे बघत होते, ते कधी वळून बघतात म्हणून. खिंड येईपर्यंत आबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.